समुद्राचा नारळ

सिसिलीतल्या चेफालू या जुन्या किनारी गावातली सुट्टी आमच्या लंडनमधल्या एजवेअरच्या स्वयंपाकघरात ठरत होती. नात ऋजुता लॅपटॉपवर अगदी लाटांजवळचं हॉटेल शोधत होती. मी म्हटलं, "नारळ घ्या बरोबर. समुद्राला आधी नारळ द्यायचा, मगच पाण्यात पाय घालायचा."

"आजी, प्लीज! सिक्युरिटीवाले बॉम्ब समजतील," ती खिदळली. "आणि समुद्र काय वाट बघत बसलाय तुझ्या नारळाची?"

तिचा बाप, माझा वरद, उठला, देवापुढचा नारळ टॉवेलात गुंडाळला आणि तिच्या रिकाम्या बॅगेत सगळ्यांत आधी ठेवला.

वरद लहान असताना आम्ही असेच समुद्रावर गेलो होतो. नारळ तेवढा घरी राहिला होता.



तेव्हा वरदला एक धाकटा भाऊ होता.