गागारिन कसा उतरला

शार्दूलचा सगळा फायदाच होता. व्हिसा संपायच्या आत त्याला ऋजुतासारखी इंग्लंडमध्येच जन्मलेली बायको मिळाली होती, आणि साउथहॅम्प्टनमधले नावाजलेले डॉक्टर सासरे म्हणून मिळणार होते. अडचण एवढीच, की त्याच्याच घाईपायी महिन्यापूर्वी गुपचूप उरकलेलं लग्न सासऱ्यांना अजून सांगायचं होतं. "दोघांनी मिळून सांगू," असं ठरलं. ऋजुताच्या बाबांना पहिल्या अंतराळवीराचं, गागारिनचं भारी वेड. म्हणून ऋजुताने आठवडाभर शार्दूलची तयारीही करून घेतली.

जेवताना बाबांनी गुगली टाकलीच. "काय हो नागपूरकर, गागारिन कॅप्सूलमध्ये बसूनच जमिनीवर आला ना?"

"छे काका! रशियाने तसं सांगितलं खरं. पण कॅप्सूल फार जोरात आदळणार होती. म्हणून तो वरच बाहेर पडला आणि पॅराशूटने अलगद उतरला."

"वा! मुलगा अभ्यास करून आलाय!" बाबांनी स्वतःच्या हाताने त्याला श्रीखंड वाढलं.

हीच वेळ, असं वाटून ऋजुताने टेबलाखाली शार्दूलचा हात धरला. "बाबा, आम्ही लग्न केलंय. लास्ट मंथ, रजिस्टर ऑफिसमध्ये."

बाबांचा चेहरा उतरला. "मला न विचारता? कुणाची ही अक्कल?"

शार्दूलने हळूच हात सोडवून घेतला. "काका, मी हिला म्हणत होतो, आधी तुम्हाला विचारू. हिनेच ऐकलं नाही."



शार्दूल अलगद उतरला. आदळायला कॅप्सूलमध्ये एकटी ऋजुता उरली.