सुरईतलं काळं कडं

सुरई टेबलावर ठेवून कातारी बाजूला झाला आणि त्याची बायको धास्तावली. काळं कडं तिथंच होतं. तेही कुठं, तर सुरईच्या पोटावर, सगळ्यात रुंद जागी.

लेकीच्या नव्या घरासाठी त्याने ही सुरई केली होती. लाकडाच्या पाचरी सरसाने जोडून एकेक कडं तयार केलं, कड्यावर कडं चढवलं आणि मग सगळं लेथवर कातलं. एक कडं म्हणजे नवराबायकोच्या संसाराचं एक वर्ष, तळापासून गळ्यापर्यंत. सांध्यावरून नख फिरवलं तरी कुठे अडत नव्हतं. जावई फोटो काढून थकत नव्हता, आणि कातारी मिशीतल्या मिशीत हसत होता.

काम सुरू झालं तेव्हाच कातारणीने त्याला बजावलं होतं, ते एक वर्ष तेवढं वगळा. 'बघतो,' एवढंच तो म्हणाला होता.

ते वर्ष म्हणजे त्याचा उजवा हात लेथच्या पट्ट्यात सापडला ते. वर्कशॉपला कुलूप, उशिरा झालेली लेक रांगती, घरात अन्नाचा कण नाही. कातारीण एका हॉटेलात भांडी घासायला जायची. पुढे हात बरा झाला, लेथ पुन्हा फिरू लागला, पण त्या वर्षाबद्दल नवऱ्याने चकार शब्द काढला नाही. ती काय ते समजली. बायकोने लोकांची खरकटी काढली, हे कुठल्या नवऱ्याला सांगावंसं वाटेल? मग तिनेही तोंड शिवून घेतलं. लेकीलाच यातलं काही ठाऊक नव्हतं, तर तिच्या सासरच्यांना कुठून असणार.

विहीणबाई बँकेतून निवृत्त झाल्या होत्या, पण मोजदादीची सवय काही सुटली नव्हती. चष्मा पुसून त्यांनी खालून कडी मोजायला घेतली आणि बोट नेमकं काळ्यावर टेकवलं. बाकी सगळं सागवान, मग हे एकच असं का, त्यांनी विचारलं.

सागवान कमी पडलं असेल, असं म्हणत कातारीण घाईघाईने चहाचं बघायला उठली.

"कमी नव्हतं पडलं," कातारी म्हणाला. तो मुलखाचा अबोल. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "हे शिसव आहे. माझ्या उस्तादांनी दिलेलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम करशील तेव्हा काढ, म्हणाले होते."

मग तो लेकीकडे वळला. हे कडं ज्या वर्षाचं आहे, त्या वर्षी माझा हात गळ्यात बांधलेला होता आणि तुझ्या आईने हॉटेलात भांडी घासून आपल्या तिघांना जगवलं, हे त्याने तिला सगळ्यांसमोर, काही न लपवता सांगितलं. लेक आईकडे बघतच राहिली. विहीणबाईंनी चष्मा काढला.

कातारणीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "वगळा म्हटलं होतं ना मी," ती पुटपुटली.

"वगळून पाहिलं. गोलाईच तुटते. वरचं एकही कडं धड बसत नाही." तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला. "तुला लाज वाटते म्हणून मी इतकी वर्षं गप्प बसलो. नाहीतर मला हे गावभर मिरवायचं होतं."