परवलीचा शब्द

मानपाड्याच्या एका कारखान्यात सगुणा कॉम्प्युटरवर टायपिंग करायची. सोमवारी ती घरच्यांना न सांगता विठ्ठलशी रजिस्टर लग्न करणार होती. मागाहून घरी धाडायचं पत्र तिने त्याच कॉम्प्युटरवर लिहून कुलूपबंद ठेवलं होतं.

फाइल उघडायला परवलीचा शब्द लागे. आय लहानपणी तिच्या कानात जे लाडकं नाव कुजबुजायची, तेच तिने ठेवलं होतं. आयला जाऊन आठ वर्षं झालेली. ते नाव विठ्ठललाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी भर दुपारी थोरला भाऊ गुणाजी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. खाडीवर मासे मारणाऱ्या गुणाजीने कॉम्प्युटर जन्मात पाहिला नव्हता.

"सोमवारी घराबाहेर पडायचं नाय, सगुणे. तुझं पत्र कळलंय मला."

"कुणी सांगितलं, दादा?"

"आयनं."

सगुणा हसणार होती. पण तो हसत नव्हता. एवढ्या मायेने जपलेलं नाव, आणि आयनेच घात करावा?

दातओठ खात ती कीबोर्डकडे वळली. जुना शब्द पुसून तिने मनात आला तो टाकला, शिंपला. पडद्यावर नुसत्या फुल्या उमटल्या.

दारातल्या गुणाजीने मान कलती केली, शेजारी उभ्या बुटक्या माणसाचं ऐकावं तशी.

"आय रडते गं," तो म्हणाला. "विचारते, मी ठेवलेलं नाव काढून शिंपला कशाला टाकलंस?"