काटा चारवर

कारखान्याच्या पंपघरात दर तासाला दाबाच्या मीटरवरचा काटा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा, एवढंच माझं काम. नऊ वर्षं काटा चारवरच आहे. त्यामुळे हल्ली मी सकाळीच संध्याकाळपर्यंतचे सगळे चार लिहून टाकतो आणि भिंतीकडे बघत बसतो.

काही महिन्यांपासून माझी भूक मेली होती, हातपाय गार पडत होते, थकवा जात नव्हता.

"दिवसभर बसून तर असता, दमता कशाने?" बायकोने विचारलं.

"कामाचा ताण आहे गं," मी म्हणालो, तिच्याकडे न बघता.

शेवटी तिनेच हट्ट धरला म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दवाखान्यात गेलो.

नर्सबाईंनी माझं मनगट धरून नाडी शोधली. मग दुसरं मनगट धरलं. मग गळ्याला बोटं लावून बराच वेळ थांबल्या. शेवटी एक जांभई दिली आणि कार्डावर लिहिलं, बहात्तर.

"बाई, नाडी लागली नाही ना तुम्हाला?"

"बहात्तरच असते हो तुमची. नऊ वर्षं दर वार्षिक तपासणीला मीच तर लिहितेय."

खरं तर मी आरडाओरडा करायला हवा होता. पण कोणत्या तोंडाने करणार? सहा वाजेपर्यंतचे चार मी लिहूनच आलो होतो. मी थँक्यू म्हणालो.

मान खाली घालून बाहेर पडलो. व्हरांड्यात कुणी नाही असं बघून स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली, आणि चोरी पकडली गेल्यासारखी पटकन काढून घेतली.