डाव्या हाताचा चाकू

दुकानदाराने काचेवर सहावा चाकू ठेवला आणि बाइंडरने हात लावायच्या आधीच नाक मुरडलं.

"हा जड आहे. हिच्या एप्रनचा खिसा फाटेल."

"मघाचा हलका होता, तर म्हणालात खेळण्यातला वाटतो," बायको म्हणाली.

"होताच तो खेळण्यातला."

दोघं एकाच छापखान्यात. तो तळमजल्यावर बाइंडिंग करायचा, ती दुसऱ्या मजल्यावर पुस्तकांचे गठ्ठे बांधायची. ती डावखुरी आणि घडीचे चाकू सगळे उजव्यांसाठी केलेले. एकदा हट्टाने उघडायला गेली तर बोट कापून घेतलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं, रोज चार वाजता, तो आपला चाकू घेऊन दोन जिने चढायचा आणि तिच्या गठ्ठ्यांच्या दोऱ्यांची टोकं कापून द्यायचा. काम दोन मिनिटांचं, लागायची पंधरा. घरी दोन खोल्यांत आठ माणसं. नवरा-बायकोचं म्हणून जे काही बोलणं व्हायचं, ते त्या गठ्ठ्यांच्या आडच. आता डॉक्टरांनी त्याला जिने बंद केले होते.

"दुखतात गुडघे तुमचे," ती म्हणाली, "आणि खोट काढताय चाकूची."

"दोन जिन्यांनी कोणी मरत नाही."

दुकानदाराने खालचा खण उघडला. "हा बघा ताई. दोन्ही बाजूंनी उघडतो."

तिने तो डाव्या हातात घेऊन अंगठा टेकवला. पातं अलगद बाहेर आलं. तिने मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. बावन्न वर्षांची बाई, पण पहिल्यांदा सायकल चालवता आल्यासारखी हसली.

बाइंडरने चाकू तिच्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला, मूठ दाबून पाहिली, पातं उजेडात धरलं. खिशातला आपला झिजलेला चाकू काढून शेजारी ठेवला. कुठेतरी काहीतरी खोट सापडावी म्हणून बिचाऱ्याने जिवाचं रान केलं. पण जन्मभर पाती हाताळलेला माणूस; पात्याबद्दल खोटं बोलणं त्याच्या जिभेवर येईना.

"चांगला आहे," तो म्हणाला. आवाज इतका पडलेला, की दुकानदाराला वाटलं, हाही आता परत ठेवावा लागणार.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं काय हरवत होतं ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिचंही तेच हरवत होतं.

"हाच द्या," ती म्हणाली. "पण मला मेलीला धार लावता येत नाही. अहो, तुमचा धारेचा दगड खालीच असतो ना? रोज चारला घेऊन येत जाईन."

"रोज?" दुकानदार हसला. "अहो ताई, पोलाद चांगलं आहे. सहा-सहा महिने याला धार लावावी लागत नाही."

"आमच्याकडे रोज लागते," बाइंडर घाईघाईने म्हणाला.