साहेबांचा बुधवार

खाडीतली बोय, चिंबोरी सगळी एका रात्रीत पोट वर करून काठाला लागली, तेव्हा चौकशीला प्रदूषण खात्याचे साहेब आले. वरच्या अंगाला कारखान्याचा पाइप ओकत होता, पण साहेबांनी मान वर करून आभाळ पाहिलं. "ढगाळ हवेत मासा गुदमरतो, मावशी. पाणी चांगलंच आहे. तसंच लिहून देतो."

खाडीवर पोट असलेल्या कमलामावशीला पुढचं दिसलं. तसं लिहिलं की पाइप वाहता राहणार, आणि या खाडीत पुन्हा मासा फिरकणार नाही. पण तोंडानं ती एवढंच म्हणाली, "चला तर, चार घास खाऊन जावा."

पडवीत ताट आलं. तांदळाची भाकरी, लालभडक कालवण, बाजूला तळलेली तुकडी. वास दारापर्यंत दरवळला, साहेबांचा हात मात्र ताटावर अडला.

"मावशी, आज माझा वार असतो."

"बुधवारचा?" सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी माणसं तिनं जन्मभर पाहिली होती. बुधवारवाला हा पहिलाच. "ऱ्हाऊ दे मग. हर्णे बंदरावरनं मुद्दाम सुरमय मागवली होती. आमच्या खाडीत पाव्हण्याला वाढायला मासा उरलाय कुठं?"

"हर्णेची?" साहेब पाटावर पुढं सरकले. "तसा मी काही फार कडक पाळत नाही."

मावशीनं ताट हळूच आपल्याकडं ओढलं.

"आधी पाण्याचं खरं काय ते लिवा, साहेब. कालवण गरम ठेवते."