सातवं पान

दोघी एकाच विमानातून परदेशी शिकायला आल्या आणि एकाच खोलीत राहिल्या. पण महिन्याभरात चिमणी तिथलीच होऊन गेली आणि ताई पाहुणीच राहिली. वर्षाने मोठी म्हणून नुसती नावाची ताई. बसचे नंबर चिमणीला पाठ, स्वयंपाकघरात सगळ्यांशी खिदळणं चिमणीचं. ताईच्या पोटात दुखायचं, पण ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही.

त्यात बाईंनी दोघींचे पहिले निबंध तपासून परत दिले. चिमणीच्या पानांवर एकही खूण नाही, शेवटी फक्त 'छान'. ताईची पानं पहिल्या ओळीपासून लाल शेऱ्यांनी भरलेली. तिने ती गादीखाली सारली आणि चिमणीचं तोंडभरून कौतुक केलं.

शनिवारी धुतलेले कपडे घेऊन ताई खोलीत आली, तर तीच पानं चिमणीच्या मांडीवर.

"माझी फजिती बघून समाधान झालं का गं?"

चिमणी दचकली. तिच्या हातात वही होती आणि वहीत बाईंनी ताईला दिलेले शेरे, एकेक करून उतरवून घेतलेले.

"तुझी चादर बदलताना सापडली. विचारायला हवं होतं मी, ताई."

"तुला कशाला हवेत हे? तुला तर छान मिळालंय."

चिमणीने आपला निबंध तिच्यापुढे सरकवला. "पिन मारताना माझं सातवं पान उलटं लागलं होतं. तसंच उलटं परत आलं, बाईंनी त्यावर साधी खूणही केली नाही."